सेल लागेपर्यंत

१२ मे

आज सकाळी माझ्या दुधाच्या पातेल्याची रवानगी फ्रीजमधल्या भाज्यांच्या खणात झाली. 'रवानगी' हा शब्द मी विचार करूनच लिहिते आहे. मधल्या तीन प्रशस्त कप्प्यांत जॅमची एक बाटली आणि अर्धं लिंबू ऐसपैस पहुडलं होतं. माझं पातेलं मात्र खाली, कोबीच्या मांडीला मांडी लावून, झाकण तिरकं करून बसलं होतं. या घरात सून म्हणून आल्यापासून मी पुष्कळ ऐकून घेतलं, पण माझ्या दुधाला कोबीशेजारी बसवण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती.

मी पाणीपुरवठा कचेरीत तक्रार विभागात आहे. लोकांना 'आपल्या तक्रारीची योग्य ती दखल घेण्यात आली आहे' असं लिहून कळवणं हे माझं काम. त्यामुळे कुठल्या तक्रारीत दम आहे आणि कुठलीत नाही, हे मला वासावरून कळतं. हिच्यात आहे.

विचारलंच मी धाकटीला, "अगं, दूध खाली का?"

"ताई, वर ठेवलं की दार उघडताना धक्का बसतो. सांडलं तर तुमचंच नुकसान ना."

तुमचंच! ऐकलंत?

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आम्ही खाली, ती वरच्या मजल्यावर. आमचा फ्रीज गेल्या आठवड्यात गेला. मेकॅनिकने मागून पाहिलं, पुढून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, याला आता कपाट म्हणा." तेव्हापासून आमचं दूध, लोणी आणि सासूबाईंच्या इन्सुलिनच्या बाटल्या वर असतात. सकाळ-संध्याकाळ सुई मीच देते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मला जिना चढून तिच्या दारात उभं राहावं लागतं. ती दर वेळी दार उघडते ते हसूनच. तिला काय, बसल्या जागी तमाशा.

१४ मे

मूळ प्रकरण लिहून ठेवते, नाहीतर पुढेमागे वाचताना मीच मला क्षुद्र ठरवायची.

गेल्या वर्षी सहामाही सेल लागला तेव्हाच मी फ्रीज बदलणार होते. धाकटीला सहज विचारलं, तर म्हणाली, "कशाला ताई? सेल म्हणजे नुसतं थोतांड. चाललंय तोवर चालवा." मी चालवलं. दोनच दिवसांनी जिन्यावर धडाडधूम! चार हमाल आणि दोन दारांचा, चंदेरी, माणूस आत झोपेल एवढा फ्रीज वर निघालेला. वर राहतं कोण? धाकटी एकटी. भाऊजी बोटीवर, वर्षातून दोनदा घरी येणार. लेक हॉस्टेलवर. जॅमच्या बाटलीसाठी तो महाल.

तेव्हा मी काही बोलले नाही. न बोलणं मला जमतं. विसरणं जमत नाही.

तर ठरलं असं: सहामाही सेल लागेल त्या दिवशी, त्याच दुकानातून, त्याच रंगाचा, पण तिच्याहून एक माप मोठा फ्रीज, आणि तिच्याहून कमी किमतीत. मग तिला चहाला बोलावायचं आणि म्हणायचं, "अगं, बर्फ हवा का?" बस. एवढंच वाक्य. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. 'हवा का'वर जरासा जोर द्यायचा.

१९ मे

दुकानात जाऊन आले. विक्रेता काळा टाय लावतो आणि 'मॅडम' हा शब्द श्वास घेण्याइतक्या वेळा वापरतो. त्याचं नाव टायवाला ठेवलं आहे.

"मॅडम, आत्ताच घ्या मॅडम. सेलमध्ये हे मॉडेल राहील याची खात्री नाही."

"मग तुमची खात्री कशाची आहे?"

"मॅडम?"

"काही नाही. दार उघडून दाखवा."

दार उघडलं. गार वाफ तोंडावर आली. आत किती जागा! दुधाचं पातेलं मधल्या कप्प्यात, एकटं, सन्मानाने बसेल. पाटीवरच्या किमतीचा फोटो काढला. सेलमध्ये ती किती उतरते ते मला पुराव्यानिशी पाहायचं आहे.

हे घरी टेप घेऊन स्वयंपाकघर मोजत बसले. "अगं, हा आला तर दार पूर्ण उघडणार नाही. ओट्याला अडेल."

"थोडं अडू दे."

"लहान घेऊ. आणि आत्ताच घेऊ ना. आईचं औषध रोज वर-खाली..."

"अहो, महिनाभराचा प्रश्न आहे. सेलआधी फ्रीज घेणारी माणसं अजून जन्माला येतात म्हणून तर दुकानं चालतात."

ह्यांनी टेप गुंडाळला. हे टेप गुंडाळतात तेव्हा वाद संपलेला असतो.

२५ मे

आज धाकटीने सासूबाईंच्या देखत म्हटलं, "ताई, सेल लागेपर्यंत आमचाच वापरा की निवांत. नाहीतरी अर्धा रिकामाच असतो." सासूबाई लगेच म्हणाल्या, "मोठ्या मनाची आहे हो धाकटी." आणि माझं मन? ते काय चमच्याने मोजायचं?

संध्याकाळी बाटली आणायला गेले तेव्हा ती फोनवर होती. इन्सुलिन तिने एका डब्यात घालून सगळ्यात वरच्या कप्प्यात, पार मागे, भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं. "पडायला नको, ताई." जणू खजिना. उगाच जपण्याचं प्रदर्शन.

डब्यासाठी हात आत घातला तर वर एक चकती दिसली. थंडावा कमी-जास्त करायची. एक ते सात आकडे. काटा तीनवर होता.

सातवर नेला.

तिचं वीजबिल येऊ दे. मग बघू किती मोठं मन आहे ते. खाली येताना जिन्यात गुणगुणले सुद्धा. बऱ्याच दिवसांनी.

३० मे

विजय! धाकटीची काकडी दगड झाली. सुरी चालेना म्हणून ती काकडी घेऊनच खाली आली.

"ताई, फ्रीज बिघडला असेल का हो?"

"छे गं. मोठ्या फ्रीजना अशीच सवय असते. त्यांना भरलेलं लागतं."

"हो का? मला कुठे कळतंय त्यातलं. लेकीला विचारलं तर म्हणते, आई, मॅन्युअल वाच." हसली. "मला कुठे हवा होता एवढा मोठा. यांची सुट्टी रद्द झाली ना तेव्हा, गेल्या वर्षी. मी फोनवर रडले जरा. तर तिसऱ्या दिवशी हा दारात. मला म्हणतात, घे, आता थंड हो."

हे मला काही पटलं नाही. माणूस बोटीवरून बायकोला फ्रीज कशाला पाठवेल? शिवाय रडल्याचं तिने तेव्हा मला सांगितलं नव्हतं. लगेच सुचलेली गोष्ट आहे.

काकडी मात्र खरोखर वाजत होती. ओट्यावर टक टक.

४ जून

सासूबाईंची साखर वाढली आहे. सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचून पाहिली, यंत्रावर आला तो आकडा मला आवडला नाही. पुन्हा टोचून पाहिली. त्या ओरडल्या, "अगं, मी काय शिवणकाम आहे?"

कारण उघड आहे. मी कचेरीत गेले की दुपारी धाकटी खाली येऊन त्यांच्यापाशी बसते. बिस्किटं खाऊ घालत असणार. विचारलं तर म्हणाली, "नाही हो ताई, आम्ही फक्त बोलतो." फक्त बोलून साखर वाढते असं कुठल्या पुस्तकात आहे?

तिच्या घरातला कचऱ्याचा डबा पाहिला. बिस्किटाचा कागद नव्हता. हुशार आहे.

९ जून

साखर अजून वर. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मात्रा वाढवली आणि नवी बाटली काढायला सांगितली. नवी काढली. वरूनच आणली, त्याच डब्यातून. तरी फरक नाही.

सासूबाई सारखं पाणी मागतात. उशीजवळ तांब्या ठेवते. सकाळी तो रिकामा असतो.

आज धाकटीने बाटली स्वतःच काढून दिली. द्यायच्या आधी दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसली होती. "फार गार लागते हो, ताई. आईंना झोंबेल." झोंबेल! सुई मी देणार, आणि कौतुक गरम हातांचं.

सुई भरताना बाटलीत पांढऱ्या कण्यांसारखं काही दिसलं. चष्म्याचा नंबर बदलला असणार. सेल झाला की डोळे तपासून घ्यायचे.

१५ जून

दुकानात चक्कर. त्याच फ्रीजवरची पाटी बदलली आहे, किंमत चढली आहे! टायवाल्याला विचारलं.

"मॅडम, वरून वाढली मॅडम."

"वर कोण राहतं?"

"कंपनी, मॅडम."

मला डाव कळला. आधी चढवायची, मग सेलमध्ये लाल रेघ मारून उतरवायची. पण किती उतरवतील? धाकटीने दिली होती त्याहून खाली यायलाच हवी. तिची किंमत मला माहीत आहे. तिच्या फ्रीजच्या बाजूला अजून तो स्टिकर आहे. तिने काढलाच नाही. मी तर पहिल्या दिवशीच नखाने काढला असता.

घरी हे म्हणाले, "आईला आज उलटी झाली. उद्याच जाऊन घेऊन येऊ का फ्रीज? निदान औषध आपल्याजवळ राहील."

"औषधाचा आणि फ्रीजचा काय संबंध? वर काय कमी गार आहे?"

माझ्या तोंडून हे गेलं तेव्हा मला हसू आलं होतं. तसंच लिहून ठेवते.

१९ जून

उद्या सेल. सासूबाई दिवसभर झोपून होत्या. हाक मारली की 'हं' म्हणतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ह्यांना सांगितलं, उद्या दुपारी डॉक्टरांकडे नेऊ, सकाळी मी दुकानात जाऊन येते. धाकटी म्हणाली, "ताई, सकाळी मी बसते आईंजवळ. तुम्ही निश्चिंत जा."

निश्चिंत जाईन. येताना बिल घेऊन येईन.

२० जून

दुकान उघडायच्या आधी रांग होती. माझ्या पुढे एक बाई नुसती इस्त्री घ्यायला आली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी फ्रीजसाठी आणलेला आवेश होता. शटर वर गेलं आणि आम्ही घुसलो. टायवाल्याने आज लाल टाय लावला होता. लाल रेघ मारलेली पाटी, खाली नवी किंमत. धाकटीच्या स्टिकरपेक्षा कमी! थोडीच, पण कमी!

बिल करताना धाकटीचा फोन आला. घेतला नाही. पुन्हा आला. पुन्हा. दूध सांडलं असेल, नाहीतर काकडी. फोन पर्समध्ये तळाशी टाकला. आज मी गिऱ्हाईक होते, जाऊ नव्हते.

टायवाला म्हणाला, "मॅडम, अभिनंदन."

आयुष्यात पहिल्यांदा ते मॅडम मला आवडलं.

२१ जून

सासूबाई हॉस्पिटलमध्ये आहेत. काल हे कामावर आणि मी रांगेत होते तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. धाकटीने एकटीने त्यांना दारापर्यंत ओढत आणलं, टॅक्सीवाल्याने उचलून आत घातलं.

आज शुद्ध आली आहे. सलाइन, नळ्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आलीस?"

नर्सने घरची बाटली मागवली होती. उजेडाकडे धरली, हलवली, डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी विचारलं, "ही कुठे ठेवत होता? गोठली होती ही. एकदा गोठली की इन्सुलिन गेलं. तुम्ही इतके दिवस त्यांना नुसतं पाणी टोचत होता."

चष्म्याचा नंबर बदललेला नाही.

कुणी काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "माझ्याकडे होती. माझ्याच फ्रीजमध्ये. मीच मागे सरकवून ठेवायचे, पडू नये म्हणून. काकडी गोठली तेव्हा तरी मला कळायला हवं होतं." आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

हे तिच्याकडे पाहत राहिले. ह्यांना रागावता येत नाही, पण ते पाहणं वाईट होतं. नंतर भाऊजींचा फोन आला. तिने कानाला लावला होता तरी आवाज मला ऐकू येत होता. "एक काम दिलं होतं तुला. एक." ती 'हो, हो' म्हणत होती.

म्हणजे जे हवं होतं ते सगळं झालं. सगळ्यांच्या देखत. मी ठरवलं होतं त्याहून कितीतरी मोठं.

मी काही बोलले नाही. आमच्या विभागात समोरचा माणूस आपण होऊन दोष घेत असेल, तर फाईल तिथेच बंद करतात.

२३ जून

फ्रीज आला. दार अर्धंच उघडतं, ओट्याला अडतं. दुधाचं पातेलं तिरकं केल्याशिवाय आत जात नाही.

हे बिल घेऊन बसले. मग माझ्या फोनमधला मे महिन्यातला पाटीचा फोटो पाहिला. पुन्हा बिल पाहिलं. पोचवणं, बसवणं, सगळं धरून बेरीज केली.

"अगं, ही तर मे महिन्यातलीच किंमत झाली."

एवढंच म्हणाले. टेप नव्हता हातात, नाहीतर गुंडाळला असता.

इन्सुलिनच्या नव्या बाटल्या आणल्या. दाराच्या कप्प्यात ठेवल्या, भिंतीपासून लांब. आमच्या फ्रीजमध्येही चकती आहे. तिच्याकडे पाहवत नाही.

धाकटी फ्रीज बघायला आली नाही. मी चहाला बोलावलंही नाही. ते वाक्य आरशासमोर कुणी म्हटलं होतं?

२६ जून

सासूबाई घरी आल्या. अशक्त आहेत, पण जीभ पूर्ववत आहे. फ्रीज पाहून म्हणाल्या, "माझ्या खोलीपेक्षा मोठा दिसतोय. मला त्यात ठेवणार होतीस का?" मग विचारलं, "धाकटी कुठे? दुपारी आली नाही."

"दमली असेल."

"तिला बोलव. तिची काही चूक नाही. माझ्यासाठीच जपून ठेवत होती ती."

मी उशी नीट केली. दोनदा नीट केली.

२७ जून

वर गेले. धाकटीने दार उघडलं. हसली नाही. आत टेबलावर फ्रीजमधले कप्पे काढून धुऊन वाळत ठेवले होते, सगळेच्या सगळे. फ्रीज बंद होता, दार सताड उघडं.

"विकून टाकणार आहे," ती म्हणाली. "मला नाही बघवत."

चपला न काढता, दारातच, मी सांगितलं. चकतीचं. कधी फिरवली ते. कशासाठी फिरवली ते पण सांगितलं, कारण ते न सांगता बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता. सांगताना ते इतकं फुटकळ वाटत होतं की मध्येच थांबून मला म्हणावंसं वाटलं, नाही, काहीतरी मोठं कारण होतं, आठवून सांगते.

तिने टेबलावरचा एक कप्पा उचलला, पुन्हा होता तिथेच ठेवला.

"फोन का नाही घेतलात?" तिने विचारलं. चकतीचं नाही. फोनचं.

दिवसभर लोकांना उत्तरं लिहिते मी.

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

खाली आल्यावर भाऊजींना निरोप रेकॉर्ड करून पाठवला. तीनदा पुसून चौथ्यांदा पाठवला. रात्री ह्यांना सांगितलं. हे उठून आईच्या खोलीत जाऊन झोपले.

३० जून

ह्यांचं बोलणं सध्या कामापुरतं. भाऊजींचं उत्तर नाही. धाकटी दुपारी मागच्यासारखी खाली येते, सासूबाईंजवळ बसते, मी यायच्या आधी वर जाते. बशीत तिच्या चहाचा कप असतो, धुऊन पालथा घातलेला.

आज सासूबाई सहज म्हणाल्या, "त्या टॅक्सीवाल्याचे पैसे दिले का गं कुणी? धाकटीकडे तर पर्सही नव्हती. पायांत चपलासुद्धा नव्हत्या तिच्या."

कुणी दिले नव्हते. कुणाच्या लक्षातच नव्हतं.

कचेरीतून परस्पर टॅक्सी स्टँडवर गेले. दोघा-तिघांना विचारलं तेव्हा तो सापडला. जाडजूड मिशांचा, गाडीच्या काचा पुसत होता.

"आजी कशा आहेत?"

"घरी आल्या. तुमचे त्या दिवसाचे पैसे राहिले. मागायला का नाही आलात?"

"कशाला यायचं? त्या बाई म्हणाल्या होत्या ना वाटेत. सारखा फोन लावत होत्या, कुणी घेत नव्हतं. मला म्हणाल्या, दादा, काळजी करू नका, माझी थोरली जाऊ येऊन देईल. ती कुणाचं ठेवत नाही." फडकं झटकत त्याने विचारलं, "तुम्हीच का त्या?"

"हो. मीच."

मी पैसे दिले. न मोजताच त्याने खिशात टाकले आणि उरलेली काच पुसायला लागला.